छावणी उठेपर्यंत

६ मार्च, बुधवार. औरंगाबाद

एकदाचं खरं ते कळलं. गर्भपिशवीच्या तोंडाची गाठ आता आजूबाजूला पसरलीये. मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या दोन्ही वाटा तिनं दाबून टाकल्यात. म्हणून ही सूज, ही मळमळ आणि परवापासून लघवीचा थेंब नाही. मागच्या साली गाठ जाळायची लाईटं घेतली तेव्हा वाटलं होतं, सुटले.

डॉक्टरीणबाई तिशीची असेल. पण बोलते नीट, खुर्ची ओढून समोर बसून. म्हणाली, पाठीतून दोन्ही मूत्रपिंडांत एकेक नळी घालता येईल, लघवी बाहेर पिशवीत येईल. "गाठ त्यानं जाणार नाही, काकू. वेळ मिळेल." किती? काही महिने, नक्की सांगता येत नाही. आणि नळ्या नाही घातल्या तर? तिनं आधी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "थोडे दिवस."

हे फरशीकडे बघत बसले होते.

मग ती म्हणाली, "तुम्हाला वेळ कशासाठी हवाय?" हा प्रश्न जन्मात मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, छावणी उठेपर्यंत. तिला सांगावं लागलं. चारा छावणी, जनावरांची. आमच्या बायकांच्या दूध संस्थेनं घेतलीय. पाऊस पडून रानात चारा होईस्तोवर चालवायची, अध्यक्ष मी आहे. छावणी हातची गेली तर आमच्या बायकांच्या म्हशी बाजारात जातील. म्हशी गेल्या की दूध गेलं, दूध गेलं की दुधाची गाडी गावात यायची बंद होते, आणि एकदा बंद झालेली गाडी परत येत नाही. ती मान हलवत ऐकत होती.

"मग घाला," म्हणाले. यांना विचारलं नाही.

८ मार्च, शुक्रवार

झालं. पालथं झोपवलं, पाठ बधिर केली. पोट फुगलेल्या म्हशीच्या कुशीत जनावरांचा डॉक्टर सुई खुपसतो, तसंच काहीसं. म्हैस तरी लाथ मारते. मी दात खाऊन पडले. पण नळी आत गेल्याबरोबर पिशवीत धार लागली ती थांबेचना. सिस्टर म्हणाली, बघा बघा. मला रडू आलं. मुतण्याचा एवढा आनंद होतो हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून इथं लिहिते.

११ मार्च, सोमवार

दोन्ही नळ्या-पिशव्यांना नावं दिली. उजवी मोरी, डावी कपिली. लहानपणी आमच्या दारात या नावाच्या दोन म्हशी होत्या. मोरी गुणाची, कपिली अडेल. या पण तशाच निघाल्या. मोरी पान्हा सोडते, कपिली चोरते.

सिस्टरनं यांना पट्टी बदलायला शिकवली. साबणानं हात धू, हातमोजे घाल, नळी हलू देऊ नको, ओढू नको. ज्या माणसानं पस्तीस वर्षांत पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो माझ्या पाठीशी गुडघे टेकून बसला. मी म्हणाले, "पिशवीचं मी माझं बघीन. तुमी फक्त पट्टी करा." यांनी जाताना सिस्टरकडून हातमोज्यांचं आणखी एक खोकं मागून घेतलं.

१५ मार्च, शुक्रवार. छावणी

घरी फक्त कपडे घ्यायला गेलो, तिथून थेट छावणीत. गावाच्या वर, चौसाळ्याच्या रस्त्याला. शेडनेटखाली सगळी दावण, मधे पाण्याचा हौद, आमचा संसार टोकाच्या खोपीत. जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला, दोन खिसे केले, दोघी त्यात बसल्या. वरून पदर. दिसत नाही काही. चालताना मात्र एक पखाल घेऊन चालल्यासारखं वाटतं.

मंदा धावत आली. मंदा म्हणजे संस्थेची सचिव, माझ्या चुलत दिराची सून. दहावी झालेली, हिशोबाला पक्की, जिभेला पण. "अक्का, तुमी आरामाला जायचं सोडून इथं काय करायलीस?" तुमी आणि करायलीस एका वाक्यात. घाबरली की तिचं असं होतं. म्हणाले, आराम मेल्यावर. तिला ते आवडलं नाही.

१९ मार्च, मंगळवार

यमुनानं आज सगळ्यांसमोर काढलं. तिच्या तीन म्हशी, संस्थेत सगळ्यात जास्त दूध तिचं. सकाळी मी कॅनपाशी फॅट काढायला बसलेले. ती म्हणाली, "अक्का, राग नका मानू. पन कमरंला मूत बांधून दुधापाशी बसायचं, हे बरोबर हाय का? लोकाची लेकरं पित्यात ते."

माझं डोकं असं तापलं. पदर बाजूला केला, पट्टा दाखवला, पिशवी दाखवली, खालची तोटी दाखवली. "यमुने, पिशवी तुझ्याबी पोटात हाय. तुझी आत हाय, माझी बाहीर. एवढाच फरक." बायका हसल्या. यमुना हसली नाही. कॅन उचलला आणि खाजगी डेअरीच्या टेम्पोकडे चालती झाली.

दुपारी शांत झाल्यावर विचार केला. बोलली वाईट, पण बोलण्यात तथ्य आहे. माझा हात दिवसात किती वेळा नळीला लागतो. उद्यापासून फॅट मंदा काढील, माप मंदा करील. मी खुर्चीवर बसणार, दुधाला हात लावणार नाही. पण खुर्ची तिथंच राहील, कॅनच्या समोर.

२ एप्रिल, मंगळवार

टँकर आलाच नाही. हौदात तळाला होतं ते दुभत्यांना दिलं. भाकड जनावरं संध्याकाळपर्यंत हंबरत राहिली, ऐकवत नव्हतं. टँकर चुकला तर आधी माणसांनी आपलं पाणी कमी करायचं, हा नियम मीच घातलाय. मग मी कोणत्या तोंडानं घटाघटा पिऊ? डॉक्टरीणबाई म्हणाली होती, भरपूर पाणी प्या. तिच्या खोलीत थंड पाण्याचं मशीन आहे.

एक बरं. कमी प्यायलं की मोरी-कपिली पण कमी भरतात, सारखी उठबस होत नाही. कामं उरकतात. हे दोनदा म्हणाले, "पानी पी बग." पिले म्हणून सांगितलं.

७ एप्रिल, रविवार

काल पाडवा. छावणीतच गुढी उभी केली, कडब्याच्या गंजीला टेकवून. साखरेची गाठी एकच, ती मंदाच्या लेकराला. दुपारपासून थंडी वाजतेय. एवढ्या उन्हात अंगावर घोंगडी. कपिली कोरडी पडलीय, मोरीत लाल गढूळ. दात वाजतायत, अक्षर

१० एप्रिल, बुधवार. औ.बाद

वाचले. कपिलीच्या नळीत क्षाराची खर साचून बोळा झाला होता, वर पू. नळी बदलली. सलाईन, इंजेक्शनं.

डॉक्टरीणबाईनं विचारलं, पाणी किती पीत होतात? खोटं बोलवेना. टँकरचं सांगितलं, नियमाचं सांगितलं. ती चिडली. खरी चिडली, आवाज चढला तिचा. "काकू, या नळ्या पाण्यावर चालतात. तुम्ही पाणी तोडलं म्हणजे नळी तोडली. छावणी उठेपर्यंत वेळ हवा म्हणाला होतात ना?" मग आवाज खाली आणून म्हणाली, असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. आपल्याकडच्या बायका उन्हाळ्यात असंच करतात.

हे बाहेर बाकड्यावर बसले होते. मी म्हणाले, चुकलं. तर म्हणे, "मला खोटं कावून सांगितलंस?" एवढंच. रात्रभर ते बाकडं सोडलं नाही असं सिस्टरनं सांगितलं.

१४ एप्रिल, रविवार

परत छावणीत. मंदानं मला न विचारता बायकांची बैठक बोलवली होती. ठराव काय, तर प्रत्येकीनं आपल्या वाट्यातला एक तांब्या रोज अक्काच्या माठात ओतायचा. मी उठून उभी राहिले. म्हणाले, पाणी वाटणारीनंच जास्त घेतलं तर उद्या कोण ऐकंल माझं? मला चालायचं न्हाई.

मंदा म्हणाली, "अक्का, एक सांगा. व्यालेल्या म्हशीला तुमी मोजून पाजता का?"

"न्हाई."

"कावून न्हाई?"

"तिच्या दुधावर वासरू हाय."

"मग तुमच्यावर किती म्हशी हायत ते दावणीला जाऊन मोजा, आन् वापस येऊन बोला."

बायका हसल्या नाहीत या वेळी. मला राग आला. बसले खाली. ठराव पास झाला. दुसऱ्याचं पाणी गिळायला फार जड जातं. तरी पिले. आता पाणी हेच माझं काम.

१७ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी यमुना आली. माठाला तांब्या न टेकवता वरूनच ओतलं आणि माझ्याकडे न बघता गेली. मीही बघितलं न बघितल्यासारखं केलं. मंदा म्हणते, सकाळी तिचा कॅन आपल्या काट्यावर होता. खाजगीवाल्यानं फॅट कमी दाखवली म्हणे. काही का असेना. दूध आलं.

३ मे, शुक्रवार

ऊन असं की शेडनेटखाली पण डोळे मिटतात. दुधाची गाडी येते, रिकामी जात नाही. मंदाला मस्टर, पेंडीचा हिशोब, तपासणीला आलेल्या साहेबाशी बोलणं, सगळं दाखवतेय. साहेबाशी बोलताना ती आधी चहा देते. मी तिला म्हणाले, आधी जनावरं मोजू दे, चहा नंतर. चहा पिलेला साहेब बसूनच मोजतो.

कंबरेत कळ असते आता. गोळी घेतली की चार घास जातात. मला मरायची भीती वाटते. दिवसा वाटत नाही, कुणी बोलायला नसलं की वाटते. लिहिलं म्हणून कमी होत नाही, पण लिहिलं.

२१ मे, मंगळवार

आज हसून हसून टाके दुखले. यमुनेच्या म्हशीचं रेडकू मोकळं सुटलं होतं. मी ओंजळभर मीठ घेऊन दावणीला चाललेले, पट्ट्यातून कपिली खाली लोंबत होती, मला पत्ता नाही. त्या लबाडानं मागून येऊन तोटी तोंडात धरली आणि लागलं चोखायला! वर ढुशी देतंय, पान्हा सोड म्हणून. मला जागचं हलता येईना, हलले तर नळी उपसून येणार.

यमुनानं बघितलं. हातातली पेंडीची पाटी टाकून धावली, एका हातानं माझ्या पाठीशी नळी घट्ट दाबून धरली, दुसऱ्या हाताची बोटं रेडकाच्या जबड्यात घालून तोंड उघडलं. "सोड बे मुडद्या, ती तुझी माय न्हाई!" सुटलं. नळी बोटभर सरकली, रक्त आलं थोडं, पण राहिली जागेवर.

मग तिचं लक्ष गेलं आपल्या हाताकडे. ओला होता. धुवायला पाणी मी देणार तेवढ्यात तिनं तो पदराला पुसला आणि म्हणाली, "पानी कशाला वाया घालवायलीस."

यांनी पट्टी केली तेव्हा हेही हसत होते, आवाज न करता, खांदे हलत होते. या सालात पहिल्यांदा.

५ जून, बुधवार. औ.बाद

नळ्या बदलायची तारीख होती. बदलल्या. या वेळी दुखलं जास्त. फोटोत गाठ वाढलीये. कपिलीकडचं मूत्रपिंड जवळजवळ संपलंय, सगळा भार मोरीवर.

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसली तेव्हाच कळलं. म्हणाली, "पुढची तारीख सप्टेंबरात. तेव्हा नळ्या बदलायच्या की नाही, हे घरी बोलून ठरवा. न बदलणं हेही चालतं, काकू. हळूहळू झोप वाढते. दुखू देणार नाही, तो माझा जिम्मा." मी म्हणाले, तोवर छावणी उठेल. ती म्हणाली, हो, म्हणूनच आत्ता सांगितलं.

येताना गेवराईला गाडी थांबली. यांनी चहा आणला, बशीत ओतून फुंकून दिला. आम्हाला मूल नाही. हे आजवर आम्ही दोघांनी कधी बोलून दाखवलं नाही, आजही नाही. पण मी बशी तोंडाला लावली आणि तेच मनात आलं, की नंतर हे चहा कुणाबरोबर पितील.

१८ जुलै, गुरुवार

पाऊस नुसता शिंतडतोय. छावणी चालू. गावचे पुढारी तात्या आले, गाडीतून उतरून, पांढऱ्याफेक कपड्यांत. छावणी आपल्या सोसायटीकडे घ्यायला मार्चपासून टपलेत. "बाई, तबियत सांभाळा. छावणीची फिकीर करू नका, आमी बघतो." मी म्हणाले, "तात्या, मी हाय अजून. आन् मी नसले तरी मंदा हाय. तुमी चहा घ्या." चहा घेतला, गेले.

त्यांची गाडी वळायच्या आत मी बैठक बोलवली. मंदाला अध्यक्ष केलं. सूचक यमुना. मंदा रडायला लागली, म्हणे अक्का असताना मी कशी बसू त्या खुर्चीवर. मी उठले, म्हणाले, आता बस. बसली. सगळ्यांनी बघितलं. मग मी पालथ्या घमेल्यावर बसून माप बघितलं. खुर्चीपेक्षा ते पाठीला बरं वाटतं.

११ ऑगस्ट, रविवार

तीन दिवस पडला. पिता येण्यासारखं पाणी विहिरीला नाही अजून, पण रानात हिरवं दिसतंय. कपिली आटली. कालपासून थेंब नाही. मी तिला रागवत नाही आता.

२६ ऑगस्ट, सोमवार

छावणी उठली.

सकाळपासून दावणी सुटत होत्या. पोळा शुक्रवारी, प्रत्येकाला जनावर त्याआधी घरच्या दारात हवं. आमच्या बायकांची एकही म्हैस बाजारात गेली नाही. एक मेली, द्वारकाची, ती म्हातारीच होती. दुधाची गाडी उद्यापासून गावातल्या जुन्या जागी येणार. मंदानं ड्रायव्हरला वेळ पाळायची ताकीद दिली, माझ्यासारखंच बोट नाचवून. कुठून शिकली कोण जाणे.

यमुना जाताना माठ पालथा घालायला आली. बघते तर अर्धा भरलेला. म्हणाली, "हे कावून ठेवलंस? पी." उभं राहून प्यायला लावलं. मग रेडकाची दोरी माझ्या हातात दिली. आता ते माझ्या कंबरेएवढं झालंय. म्हणाली, घरी पोचवून दे, मला गाठोडी हायत. मी अख्ख्या गावातून त्याला घेऊन गेले, हळूहळू, त्याच्या आधारानं.

संध्याकाळी खोप रिकामी. झालं माझं काम. जेवले पण बरं.

१ सप्टेंबर, रविवार. घरी

उद्याची तारीख आहे.

जेवताना यांनी विचारलं. ताटाकडे बघत. "छावणी उठली. तू म्हनली होतीस, तेवढंच. आता... तुझं काय म्हननं हाय?" एवढं बोलायला त्यांना अख्खी भाकरी लागली. पुढं म्हणाले, "तू न्हाई म्हनलीस तरी मी काई म्हननार न्हाई. दुखतंय तुला, ते मी बगतो रोज." आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

न्हाई म्हणायचं मी ठरवलं होतं. खरंच. परवा पोळ्याला बैलांना ओवाळलं, तेव्हा हात भरून येत होता, ताट धरवेना. म्हटलं बास. मागितलं तेवढं मिळालं, वर थोडं जास्तच मिळालं. मंदा बसलीय खुर्चीवर, गाडी येतेय, दूध चाललंय. माझ्यावाचून एक गोष्ट अडलेली नाही. आणखी महिने मागायला कारण नाही, आणि कारणाशिवाय मी कधी कुणाकडे काही मागितलेलं नाही.

उद्या ती खुर्ची ओढील आणि विचारील, आता वेळ कशासाठी हवाय, काकू? सकाळपासून उत्तर शोधतेय. सापडत नाही. आज सकाळी यांनी चहा केला, त्यात साखर दुप्पट पडली आणि हे म्हणाले, चांगला झालाय. मंदा दुपारी फॅटचं भांडं फोडल्याचं सांगायला आली, तोंड पाडून. यमुनेचं रेडकू दारावरून जाताना थांबतं, मीठ मिळेल म्हणून. हे सगळं डॉक्टरला सांगायचं? हसेल ती. हसू दे.

जीप सांगितलीय पहाटेची. मीच सांगितली, मंदाच्या फोनवरून. यांना अजून सांगितलेलं नाही. ओट्यावर बसलेत, पाठ दिसतेय इथून. मोरी एकटी किती दिवस ओढील, नळी या वेळी नीट बसेल का, ती बाई बदलू म्हणेल का नको म्हणेल, काहीच माहीत नाही. पण मी जाणार आहे. मला अजून पाहिजे.

मोरी भरत आलीय. रिकामी मला करता येते, रोज करतेच. पण आज यांना हाक मारते.